छेदातली माणसे

दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी एक दोन पानी प्रपत्र भरते, त्यावर सही करते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे नेऊन देते. त्यात निर्देशांकांची, म्हणजे काम मोजण्याच्या बाबींची, यादी असते, प्रत्येक निर्देशांकासमोर लक्ष्य, साध्य आणि टक्केवारी असे रकाने असतात आणि शेवटी त्या टक्केवारीवरून निघणारी रक्कम लिहायची असते. ही रक्कम म्हणजे आमचा ‘कामावर आधारित मोबदला’. आम्ही सहकारी एकमेकांशी बोलतो ते बहुतेक वेळा हे पैसे कधी जमा होणार याबद्दल. आकडा कसा तयार होतो याबद्दल फारसे बोलणे होत नाही. त्या प्रपत्रातल्या ‘लक्ष्य’ या एका रकान्याने मला बरेच महिने अस्वस्थ ठेवले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहून काढत आहे.

मी नागपूरला नंदनवन भागात राहते. बी.ए.एम.एस. झाल्यावर सहा महिन्यांचा समुदाय आरोग्याचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि नागपूर ग्रामीण तालुक्यात, बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीपासून थोड्या आत असलेल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झाले. २०१८ साली आयुष्मान भारत योजना आली तेव्हा देशभरातल्या उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे करण्याचे ठरले आणि २०२३ च्या अखेरीस त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळाले. पाटी बदलली, तरी गावातले लोक अजूनही ‘दवाखाना’च म्हणतात. आमच्या मानधनात २५ हजार रुपये ठरावीक आणि १५ हजार रुपयांपर्यंत कामावर आधारित अशी विभागणी होती. म्हणजे महिन्याच्या कमाईतला तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग त्या दोन पानांवर अवलंबून होता. घरभाडे आणि वडिलांची औषधे ज्या पैशांतून होतात, त्यांचा हिशेब आपल्याच हाताने, आपल्याच कामाबद्दल भरायचा असतो, हे वाचकाने लक्षात ठेवावे; नाहीतर पुढचा पेच नीट कळणार नाही.

सुरुवातीचे काही महिने मी फक्त पद्धत शिकले. बाह्यरुग्णांची संख्या रजिस्टरमधून काढायची, गरोदर मातांची आणि लसीकरणाची नोंद वेगळ्या पोर्टलवर, क्षयरुग्णांची ‘निक्षय’वर, डॉक्टरांच्या ऑनलाइन सल्ल्याची ‘ई-संजीवनी’वर आणि असंसर्गजन्य आजारांची आणखी एका पोर्टलवर करायची. एकच बाई सकाळी गरोदरपणाच्या तपासणीला येते, तिचे हिमोग्लोबिन पाहतो, रक्तदाब घेतो, विदर्भात सिकलसेलचे प्रमाण जास्त असल्यामुळे तीही चाचणी करतो, आणि संध्याकाळपर्यंत तिचे नाव चार ठिकाणी टाइप केलेले असते. प्रपत्रासोबत पुरावे जोडायचे असतात: पोर्टलच्या पडद्याची छायाचित्रे, रजिस्टरच्या पानांची छायाचित्रे, योगसत्राचा आणि जन आरोग्य समितीच्या सभेचा ठिकाण व वेळ उमटलेला फोटो. वैद्यकीय अधिकारी ते तपासतात, मग कागद तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याला जातात. या सगळ्यात आरोग्यसेविका, आरोग्यसेवक आणि आमच्या चार आशाताई यांचे काम गुंफलेले असते. पोर्टलवर माझे लॉगिन असले तरी घरोघर पाय त्यांचेच झिजतात.

तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची तपासणी हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा निर्देशांक. त्याची सुरुवात आशाताईंच्या फॉर्मने होते, ज्याला आम्ही सगळे ‘सीबॅक’ म्हणतो. वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला रक्तदाब किंवा मधुमेह आहे का, असे प्रश्न विचारायचे आणि कमरेचा घेर मोजायचा. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाचा ९० च्या आत असेल तर शून्य गुण, त्यापुढे वाढत जातात. बेरीज चारच्या वर गेली तर त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी बोलवायचे, पण चारच्या आत असली तरी सोडायचे नाही. एका फॉर्ममागे आशाताईला दहा रुपये मिळतात. त्यानंतर माझे काम: रक्तदाब, बोटातून साखर, तोंडाची तपासणी, आणि स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी. आमच्या भागात तोंड उघडायला सांगितले की पुष्कळदा आधी खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) थुंकायला बाहेर जावे लागते, आणि काही जणांचा जबडा दोन बोटेसुद्धा उघडत नाही. अशांना नागपूरला मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा तुकडोजी कर्करुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी लिहिताना हे काम का करायचे, हे मला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

माझ्या उपकेंद्राखालच्या तीन गावांची लोकसंख्या ४,६४० धरलेली होती. लक्ष्यपत्रकात तीस वर्षांवरील व्यक्तींचा आकडा १,७१७ असा छापून आला होता. कामाच्या आठव्या महिन्यात आमचे साध्य १,७३१ झाले. टक्केवारी १०० च्या पुढे गेली, त्या निर्देशांकाची पूर्ण रक्कम मिळाली, तालुक्याच्या आढावा बैठकीत आमच्या उपकेंद्राचे नाव घेतले गेले आणि परतताना मी आशाताईंसाठी पेढे घेऊन गेले. तो आनंद खरा होता. पावसाळ्यात चिखल तुडवत जमवलेले ते आकडे होते आणि त्यातला एकही फॉर्म घरी बसून भरलेला नव्हता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, गावातल्या एका ४४ वर्षांच्या माणसाला पहाटे कंपनीतून घरी आल्यावर लकवा मारला. घरच्यांनी त्याला गाडीत घालून नागपूरला मेडिकलमध्ये नेले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो वाचला, पण उजवा हात आणि पाय लुळे पडले आणि बोलणे अडखळू लागले. मी चौथ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. त्याआधी पोर्टलवर त्याचे नाव शोधले होते. त्याच्या बायकोचे नाव होते, आईचे होते, दोघींच्या रक्तदाबाच्या नोंदी होत्या, आईला तर आमच्याकडूनच गोळ्या सुरू होत्या. त्याचे नाव नव्हते. मला वाटले शोधण्यात चूक झाली असेल, म्हणून मी रेशनकार्डावरच्या स्पेलिंगने, मग आडनावाने, मग मोबाइल नंबरने पुन्हा शोधले. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “म्याडम, यायची तपासनी कधी झालीच नाई. तुमी येता तवा हे डुटीवर राह्यते, नाई तं रातपाळी करून झोपून राह्यते.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी विचारलेल्या प्रश्नाचे तिने सरळ उत्तर दिले होते.

शंभर टक्के तपासणी झालेल्या गावात हा माणूस तपासणीविना कसा राहिला, हा प्रश्न घेऊन मी उपकेंद्रात परत आले आणि लक्ष्यपत्रक काढून बसले. १,७१७ हा आकडा कुठून आला असेल? ४,६४० चे ३७ टक्के काढले की बरोबर तेवढेच येतात. तीस वर्षांवरील लोक एकूण लोकसंख्येच्या ३७ टक्के असतील, असा अंदाज मार्गदर्शक सूचनांमध्ये धरलेला आहे. हा अंदाज आहे, आणि देशपातळीवर औषधे आणि साहित्य किती लागेल याचे नियोजन करायला कुठला तरी अंदाज धरावाच लागतो, याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आमच्या गावातली बरीच तरुण मुले शिकायला आणि कामाला नागपूर-पुण्याला गेलेली आहेत, घरटी मुले कमी झाली आहेत, म्हातारी माणसे जास्त जगत आहेत. अशा गावात तिशीपुढच्यांचा वाटा ३७ टक्क्यांवर कसा थांबेल? आणि मुख्य म्हणजे, अंदाजाने आलेल्या आकड्याला नाव नसते. कोण तपासायचे राहिले, हे १,७१७ या संख्येला विचारून कळत नाही.

पुढचे दोन आठवडे दुपारची ओपीडी संपल्यावर आम्ही पाच जणी कुटुंबपत्रके घेऊन बसलो. आशाताईंच्या सर्वेक्षण रजिस्टरमध्ये प्रत्येक घरातल्या माणसांची नावे आणि वये असतातच. आम्ही तीस पूर्ण झालेल्यांच्या नावाखाली लाल रेघ ओढत गेलो. मेलेल्यांची नावे काढली, लग्न होऊन गेलेल्या मुलींची काढली, नव्याने आलेल्या सुना घातल्या, कंपनीत कामाला आलेली आणि गावात खोली घेऊन राहणारी बिहार आणि मध्य प्रदेशातली कुटुंबे घातली. ही कुटुंबे यापूर्वी आमच्या एकाही रजिस्टरमध्ये नव्हती, कारण ती ‘गावातली’ नाहीत असे सगळेच धरून चालले होते. बेरीज झाली २,१४८. तपासलेले १,७३१. म्हणजे टक्केवारी ८०.६, आणि राहिलेले ४१७. त्या ४१७ मधले २९६ पुरुष होते, आणि त्यांतले बहुतेक तीस ते पन्नास या वयातले. आम्ही ज्या वेळी घरोघर जातो त्या वेळी घरी सापडणारी माणसे, म्हणजे म्हाताऱ्या, सुना आणि काम सुटलेले वृद्ध, एवढ्यांनीच आमचे शंभर टक्के भरले होते. एका आशाताईने रजिस्टर मिटता मिटता विचारले, “मॅडम, आता हे वर सांगाचं का?”

सांगायचे तर कसे, हा खरा पेच होता. त्या निर्देशांकाची रक्कम टक्केवारीच्या पायऱ्यांवर ठरते. छेद, म्हणजे ज्या एकूण संख्येने भागून टक्केवारी काढतात तो आकडा, वाढवला की टक्केवारी उतरते, पायरी उतरते, आणि माझे पैसे कमी होतात. तेवढेच असते तर मी फार विचार केला नसता. पण गटाला मिळणाऱ्या मोबदल्यात आशाताईंचा आणि आरोग्यसेविकेचाही वाटा असतो. ज्या बाईला एका फॉर्ममागे दहा रुपये मिळतात, तिचे पैसे माझ्या खरे लिहिण्यापायी कापले जावेत, हे मला न्यायाचे वाटत नव्हते आणि आजही वाटत नाही. मी चौघींना बसवून आकडे दाखवले आणि काय होईल ते सांगितले. त्यांच्यातल्या वयाने सगळ्यात मोठ्या ताई थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, “लकवा मारला त्याचं घर माया वार्डात आहे. लिहून टाका.”

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. लक्ष्यपत्रक वरून येते, ते आपल्या पातळीवर बदलता येत नाही, असे ते म्हणाले. पण प्रपत्राला जोडपत्र लावायला त्यांची हरकत नव्हती. मी छापील लक्ष्याखाली पेनाने दुसरी ओळ लिहिली: ‘प्रत्यक्ष सर्वेक्षणानुसार २,१४८’, आणि घरनिहाय यादी जोडली. त्या महिन्यात वरच्या कार्यालयाने दोन्हींतली कमी टक्केवारी धरली आणि त्यानुसार रक्कम कापली. मी यादी जोडली नसती तर ती कापली गेली नसती. ही यादी कोणी उघडून पाहिल्याचा मला आजवर पुरावा मिळालेला नाही. आमच्या सहकाऱ्यांच्या गटावर एकाने लिहिले की, अशाने उद्या सगळ्यांचेच लक्ष्य वाढवतील. त्याची भीती निराधार नव्हती. लक्ष्य वाढले आणि माणसे, साहित्य, वेळ तेवढाच राहिला, तर त्याचा भार कुणावर पडतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच मला वाटते की खरा छेद कळवणाऱ्याला पहिल्या एक-दोन तिमाहीत तरी संरक्षण मिळायला हवे. पूर्वीच्या टक्केवारीइतकी रक्कम चालू ठेवावी आणि राहिलेल्या माणसांपैकी किती गाठले, यावर पुढचा मोबदला द्यावा. खरे सांगणाऱ्याच्या खिशातून पैसे जात असतील, तर खरे आकडे वर पोहोचण्याची अपेक्षा कशी करायची?

या काळात मी इतर ठिकाणी हे कसे करतात ते वाचू लागले. ब्रिटनमध्ये २००४ साली कुटुंब डॉक्टरांच्या करारात ‘क्वालिटी अँड आउटकम्स फ्रेमवर्क’ नावाची पद्धत आणली गेली आणि सुरुवातीला त्यात एकूण १,०५० गुण होते. गुणांवर दवाखान्याच्या पैशांचा एक भाग ठरे. तिथे रुग्णाला छेदातून वगळण्याची सोय होती, पण त्यासाठी कारण नोंदवावे लागे. उदाहरणार्थ, वर्षभरात तीनदा बोलावूनही तो आला नाही. स्कॉटलंडने २०१६ मध्ये ही पद्धत बंद केली. आपली परिस्थिती अगदी वेगळी आहे आणि तिथले जसेच्या तसे इथे आणावे असे मी म्हणत नाही. मात्र कारण लिहिल्याशिवाय कुणाला मोजणीतून सोडायचे नाही, ही एक गोष्ट मी तिथून उचलली. एका साध्या वहीत मी ४१७ नावे उतरवली आणि प्रत्येकासमोर लिहू लागले: पाळी, स्थलांतरित, नकार, अंथरुणाला खिळलेला, मृत. ‘सापडला नाही’ हे कारण मी स्वतःला लिहू दिले नाही, कारण तो कुठे सापडेल हे आम्हाला बहुतेक वेळा ठाऊक होते.

सकाळपाळी सुटून आलेली कंपनीची बस दुपारी साडेतीनच्या पुढे गावच्या फाट्यावर थांबते. तिथे एक पानठेला आहे. आम्ही त्याच्या बाजूला लिंबाखाली ग्रामपंचायतीच्या दोन खुर्च्या आणि एक टेबल मांडले. पहिल्या दिवशी बसमधून उतरलेल्या तीसेक जणांपैकी चार जण थांबले. पानठेल्यावर उभे असलेले एक जण म्हणाले, “मले काई होत नाई म्याडम, मी रोज पोते उचलून राहिलो.” मी त्यांना म्हटले, भाऊ, पाच मिनिटे नुसते बसा. रक्तदाब मोजण्याचे नियम पुस्तकात सोपे असतात: पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर, पाच मिनिटे विश्रांती, आणि आधीचा अर्धा तास तंबाखू किंवा चहा नाही. फाट्यावर, बसमधून उतरल्या उतरल्या खर्रा तोंडात टाकलेल्या माणसाच्या बाबतीत यातला एकेक नियम पाळायला वेळ आणि गोड बोलणे लागते. म्हणून आम्ही क्रम बदलला: आधी नाव, कुटुंब, सीबॅकचे प्रश्न, कमरेचा घेर, आणि त्यात वीस मिनिटे गेल्यावर खुर्चीत बसवणे. पोते उचलणाऱ्या त्या भाऊंचा पहिला आकडा १७८/११० आला. मी काही न बोलता पुन्हा पाच मिनिटे थांबले. दुसरा १७४/१०८. त्यांनी स्वतःच यंत्राच्या पडद्याकडे वाकून पाहिले आणि विचारले, “किती पायजे होता?”

फाट्यावर बसायला लागल्यापासून माझ्या रजिस्टरमधली आणखी एक गोष्ट मला दिसू लागली. आधीची पाने चाळली तर १३०/८०, १२०/८०, १३०/८०, १४०/९० असे शून्यावर संपणारेच आकडे ओळीने दिसत होते. पाऱ्याच्या किंवा घड्याळी यंत्रावर पारा किंवा काटा कुठे होता ते पाहून जवळच्या दहाला नेऊन ठेवायची सवय आम्हा सगळ्यांना असते, आणि ती पाने माझ्या अक्षरातली होती. रक्तदाब नियंत्रणात आहे की नाही याची रेषा १४०/९० वर आहे. १४२ हा आकडा १४० झाला काय आणि १३८ झाला काय, सवयीने लिहिणाऱ्याला फरक वाटत नाही. टक्केवारीला मात्र वाटतो.

एका महिन्याच्या २९ तारखेचा प्रसंग आहे. आमच्याकडे नियमित गोळ्या नेणारे एक काका आले. ते त्या महिन्याच्या यादीतले शेवटचे होते आणि ते नियंत्रणात आले असते तर मी त्या निर्देशांकाच्या वरच्या पायरीवर गेले असते. पहिला आकडा १४६/९२. बसवले, पाणी दिले, पाच मिनिटांनी १४२/९०. तिसऱ्यांदा घ्यावा का, असा विचार माझ्या मनात आला, आणि तो विचार काकांसाठी होता की प्रपत्रासाठी, हे मला त्या क्षणी नीट सांगता आले नसते. मी १४२/९० लिहिले. मग गोळ्यांची पाकिटे पाहिली, तर आठवड्यात तीन-चारच गोळ्या संपलेल्या होत्या. कापूस वेचणीचे दिवस होते, काका पहाटेच शेतावर जात आणि न्याहारीबरोबरची गोळी राहून जाई. आम्ही ती रात्रीच्या जेवणानंतर घ्यायची असे ठरवले. आकडा १३८ लिहिला असता तर पाकिटे पाहण्याचे कारणच उरले नसते.

नियंत्रणाचा हा निर्देशांक काढण्याची जी पद्धत मला सगळ्यात योग्य वाटते, ती ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमा’ची आहे. हा उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला आणि महाराष्ट्रात तो ज्या जिल्ह्यांत आधी आला, त्यांत आमच्या शेजारचे भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. त्यात नोंदणी होऊन तीन महिन्यांहून अधिक काळ झालेले, उपचाराखालचे सगळे रुग्ण छेदात राहतात, आणि गेल्या तीन महिन्यांतल्या शेवटच्या भेटीत ज्यांचा रक्तदाब १४०/९० च्या आत होता तेवढेच अंशात जातात. जो आलाच नाही तो ‘भेट चुकलेला’ म्हणून वेगळा दिसत राहतो. कुठे हरवत नाही. हे पहिल्यांदा करून पाहिले तेव्हा माझी टक्केवारी बरीच खाली गेली, कारण तोवर मी आलेल्यांपैकी किती जण नियंत्रणात आहेत एवढेच पाहत होते. पण त्या यादीने दर सोमवारी कुणाला फोन करायचा हे मला आयते सांगितले, आणि असे काम सांगणारा अहवाल मी तोवर भरलेला नव्हता.

मधल्या काळात एक तांत्रिक अडचण आली, तीही सांगायला हवी, कारण ती अनेकांना भोगावी लागते. फाट्यावरच्या तपासण्या टॅबमध्ये भरल्या जात होत्या, पण तिथे नेटवर्क मिळत नसे. महिनाअखेरीस पोर्टल संथ झाले, ४१ नोंदी टॅबमध्येच अडकल्या आणि ठरलेल्या तारखेनंतर त्या पुढच्या महिन्यात मोजल्या गेल्या. माणसे तपासली होती, औषधे सुरू झाली होती, कागदावर सह्या होत्या; तरी त्या महिन्याच्या हिशेबात त्या शून्य ठरल्या. मी रजिस्टरच्या प्रतींसह अर्ज दिला. उत्तर तोंडी मिळाले: पोर्टलवर असेल तेच ग्राह्य. त्या तिमाहीची रक्कम जमा व्हायला पुढे आणखी काही महिने गेले. तेव्हापासून मी दर शुक्रवारी घरी जाताना टॅब सोबत घेते, खापरीला मेट्रोची वाट पाहत असताना नोंदी वर चढवते आणि आठवड्याच्या नोंदींची संख्या वहीत लिहून ठेवते. हा वेळ माझ्या कामाच्या वेळेत कुठेच धरलेला नाही.

सुमारे पाच महिन्यांत ४१७ पैकी २६८ जणांची तपासणी झाली. साध्य १,९९९ झाले आणि खऱ्या छेदावर ९३ टक्क्यांवर पोहोचले. उरलेल्या १४९ जणांत रातपाळीवाले जास्त आहेत, आणि काही जण स्पष्ट नकार देणारे आहेत. एकाने मला सांगितले की, कंपनीत रक्तदाब असल्याचे कळले तर कंत्राटदार कामावरून काढेल. त्याला मी काय उत्तर द्यायचे? त्याच्या तपासणीचा कागद कुणाला देणार नाही एवढेच मी सांगू शकले, आणि तो अजून आलेला नाही. वहीत त्याच्यासमोर ‘नकार’ लिहिलेले आहे आणि कारणही लिहिले आहे. मात्र प्रपत्रात ते लिहायला रकाना नाही.

एप्रिलमध्ये नवे लक्ष्यपत्रक आले. त्यात पुन्हा ३७ टक्क्यांनी काढलेलाच आकडा होता. मी पुन्हा त्याखाली पेनाने दुसरी ओळ लिहायला घेतली. लकवा मारलेला तो माणूस आता काठी घेऊन चालतो आणि महिन्यातून एकदा बायकोबरोबर गोळ्या न्यायला येतो. त्या दिवशी तो बाकावर बसलेला होता आणि त्याचा रक्तदाब १३४/८६ होता. तेवढ्यात मोठ्या आशाताई सहामाही सर्वेक्षणाचे रजिस्टर घेऊन आल्या. त्यांच्या आणि इतर तिघींच्या वॉर्डात मिळून दोन जण वारले होते, एक कुटुंब परत गावाकडे गेले होते, आणि गेल्या सहा महिन्यांत कितीतरी जणांना तीस पूर्ण झाली होती. आम्ही दोघींनी मिळून पुन्हा बेरीज केली. मी २,१४८ वर रेघ मारली, शेजारी २,१५३ लिहिले आणि ताईंनी नव्या नावांची यादी मला वाचून दाखवायला सुरुवात केली.